नक्कल, पत्ता आणि सामाईक विहीर

गणितात एक म्हणजे एकच. पण सुरुवातीच्या काळातल्या फोरट्रान प्रोग्राममध्ये एकाचे दोन होऊ शकत, आणि झाले की प्रोग्राम संपेपर्यंत दोनच राहत. यात यंत्राचा दोष नसे. प्रोग्रामरने एखाद्या सबरूटीनला, म्हणजे वेगळ्या बांधून ठेवलेल्या कामाच्या तुकड्याला, '१' हा आकडा दिलेला असे आणि सबरूटीनने हाती आलेल्या राशीत एक मिळवलेला असे. आता हा '१'सुद्धा मेमरीतल्या कुठल्यातरी खणात ठेवलेलाच असतो. सबरूटीनला आकडा मिळतच नव्हता, मिळत होता त्या खणाचा पत्ता. त्या पत्त्यावर जाऊन सबरूटीनने १ खोडून २ लिहिले. त्यानंतर प्रोग्राममध्ये जिथे जिथे '१' लिहिलेलं असेल, तिथे तिथे यंत्र त्याच खणात डोकवायचं आणि २ घेऊन परतायचं. बेरजा चुकायच्या, फेरे जास्त व्हायचे, आणि चूक शोधणारा माणूस कागदावरचा '१' बघून पुढे सरकायचा. तिथे संशय घेण्यासारखं काय आहे?

जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएम ७०४ या यंत्रासाठी फोरट्रान १९५७ साली आणली. स्वतंत्र सबरूटीन लिहिण्याची सोय पुढच्या वर्षी, फोरट्रान-२मध्ये आली. पत्ता देण्याची रीत पडली ती नाइलाजाने. ७०४ची मेमरी होती ४,०९६ शब्दांची, फार तर ३२,७६८ शब्दांपर्यंत वाढवता येणारी. शंभर ओळी आणि शंभर रकाने असलेलं एक कोष्टक म्हणजेच दहा हजार शब्द. अशा कोष्टकाची नक्कल काढून सबरूटीनला द्यायची म्हटलं, तर नक्कल ठेवायला जागा कुठून आणायची? त्यापेक्षा कोष्टक अमुक ठिकाणी आहे, तिथे जाऊन हवं ते कर, असं सांगणं स्वस्त होतं. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला, तेव्हा देशातल्या वैज्ञानिक गणिताचा मोठा भाग त्यावर याच भाषेत होऊ लागला. त्या गणितांतल्या कोष्टकांचेही पत्तेच इकडून तिकडे फिरत होते.

एखाद्या सबरूटीनला, किंवा आजच्या भाषेत फंक्शनला, काही 'दिलं' म्हणजे नेमकं काय दिलं, हा प्रश्न तेव्हापासून प्रोग्रामिंगच्या मागे लागला आहे. दिलेली गोष्ट साधा आकडा असेल तर आता फारसं बिघडत नाही. पण ती आतून बदलता येण्यासारखी असेल, म्हणजे यादी, कोष्टक किंवा हल्ली ज्याला म्युटेबल ऑब्जेक्ट म्हणतात तसं काही, तर देणाऱ्याला परत काय मिळणार हे याच उत्तरावर ठरतं. कॉलेजात या प्रश्नाची दोनच उत्तरं शिकवतात: कॉल बाय व्हॅल्यू आणि कॉल बाय रेफरन्स. आज सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या भाषांपैकी बऱ्याच भाषांतलं उत्तर या दोन्ही खणांत नीट बसत नाही. त्याला स्वतःचं चांगलं नाव मिळालेलं आहे. ते रुळलं मात्र नाही.

जानेवारी १९६० मध्ये पॅरिसला तेरा जण जमले आणि त्यांनी अल्गोल ६० या भाषेचा आराखडा पक्का केला. त्यांचा अहवाल डेन्मार्कच्या पीटर नाऊर यांनी संपादित केला. देण्याघेण्याच्या रीती त्यात स्पष्ट शब्दांत सांगितलेल्या होत्या. एक रीत व्हॅल्यूची: नक्कल काढून द्या, मूळ प्रत घरीच ठेवा. दुसरी रीत नावाची, कॉल बाय नेम. प्रोग्रामरने वेगळं काही सांगितलं नाही तर हीच लागू व्हायची. हिचा अर्थ असा, की फंक्शनला हाक मारताना कंसात जे लिहिलंय ते जसंच्या तसं उचलायचं आणि फंक्शनच्या मजकुरात जागोजागी चिकटवायचं. त्याची किंमत आधी काढून ठेवायची नाही. जितक्या वेळा नाव येईल तितक्या वेळा ती नव्याने काढायची.

कागदावर ही रीत फार देखणी होती. कोपनहेगनमध्ये नाऊर यांच्यासोबत काम करणाऱ्या यॉर्न येन्सन यांनी तिच्यातून अशी करामत काढली, की बेरजेचं एकच फंक्शन लिहायचं आणि कंसातला मजकूर बदलून त्याच्याकडून वर्गांची बेरीज, गुणाकारांची बेरीज, काय वाटेल ते करून घ्यायचं. या करामतीला आजही येन्सनचंच नाव आहे. पण जमिनीवर उतरल्यावर हीच रीत साध्या कामात पाय घसरून पडली. दोन गोष्टींची अदलाबदल, म्हणजे पहिली बाजूला ठेवायची, दुसरी पहिलीच्या जागी आणायची आणि बाजूला ठेवलेली दुसरीच्या जागी टाकायची. समजा 'क' हा क्रमांक ३ आहे आणि यादीतल्या तिसऱ्या जागेवर ७ आहे. या दोघांची अदलाबदल करायला सांगितली. ३ बाजूला ठेवले. 'क'मध्ये ७ आले. आता बाजूला ठेवलेले ३ 'यादीतल्या क-व्या जागी' टाकायचे. पण 'क' तर आता ७ झालेला! ते ३ सातव्या जागेवर जाऊन बसतात आणि तिसरी जागा होती तशीच राहते. गंमत अशी, की त्याच दोन गोष्टी उलट्या क्रमाने दिल्या तर अदलाबदल बिनचूक होते.

कंपायलर, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा प्रोग्राम, लिहिणाऱ्यांना तर या रीतीने घाम फोडला. दरवेळी किंमत नव्याने काढायची म्हणजे त्यासाठी छोटासा उपप्रोग्रामच सोबत पाठवावा लागे. पीटर इंगरमन यांनी १९६१ साली त्याला 'थंक' म्हटलं. कॉल बाय नेम मागे पडलं, तरी हा शब्द प्रोग्रामरांच्या बोलण्यात टिकून आहे. या रीतीची दुसरी आठवण म्हणजे एक विनोद. स्वित्झर्लंडचे निकलाउस विर्ट यांची ओळख करून देताना डच गणिती आद्रियान फान वाइनगार्डन यांनी तो केल्याचं सांगतात. युरोपातले लोक विर्ट यांच्या नावाचा उच्चार बरोबर करतात, अमेरिकेतले मात्र 'निकल्स वर्थ', म्हणजे पाच सेंटांचा माल, असा करतात. थोडक्यात, युरोपात त्यांना नावाने हाक मारतात आणि अमेरिकेत किमतीने. पुढे याच विर्ट यांनी १९७० साली पास्कल भाषा आणली आणि नावाची रीत सरळ काढून टाकली. साधं दिलं तर नक्कल जाणार. मूळ वस्तूच बदलून हवी असेल तर फंक्शन लिहितानाच 'व्हार' असं लिहून ठेवायचं.

ही युरोपातली चर्चा सुरू असताना अमेरिकेत, त्याच आयबीएम ७०४ वर, एक वेगळीच भाषा चालू झालेली होती. एमआयटीत जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली लिस्पचं काम सुरू केलं. लिस्पमध्ये सगळ्या याद्याच. यादी म्हणजे खणांच्या जोड्यांची साखळी, प्रत्येक जोडीत दोन पत्ते. यादी फंक्शनला दिली की यादीची नक्कल होत नाही. ज्या नावाने यादी दिली ते नावही फंक्शनच्या ताब्यात जात नाही. यादीपर्यंत पोचण्याची वाट तेवढी दोघांकडे राहते.

हे समजून घ्यायला सातबारा बरा. दोन भावांच्या नावावर एक सामाईक विहीर आहे. धाकट्याने आपल्या वाटणीच्या रानात बोअर घेतली आणि 'आमची विहीर' म्हणून तो आता बोअरकडे बोट दाखवू लागला, तर थोरल्याच्या विहिरीला काही होत नाही. पण त्याने जुन्या विहिरीवरच दहा हॉर्सपॉवरची मोटर बसवली, तर चार दिवसांत थोरल्याची मोटर हवा ओढायला लागते. फंक्शनच्या आत एखाद्या नावाला दुसरी वस्तू चिकटवणं म्हणजे बोअर घेणं. मिळालेली वस्तूच आतून बदलणं म्हणजे विहिरीवर मोटर बसवणं. लिस्पमध्ये या दुसऱ्या कामासाठी वेगळ्या आज्ञाच होत्या, आणि जपून वापराव्यात अशी त्यांची ख्याती होती.

ही रीत ना नकलेची, ना फोरट्रानसारखी. फोरट्रानमध्ये फंक्शनने आपल्या राशीला नवी किंमत दिली की ती देणाऱ्याच्या खणातच जाऊन पडे. लिस्पमध्ये ती पडत नाही. पण वस्तूच्या पोटात केलेला बदल मात्र दोघांना दिसतो. पंधराएक वर्षं ही रीत नावावाचून चालली. नॉर्वेत ओले-योहान दाल आणि क्रिस्टन निगोर यांनी सिम्युला ६७ तयार केली तेव्हा फरक त्यांच्या ध्यानात पक्का होता. त्यांनी किंमत देण्यासाठी एक चिन्ह ठेवलं आणि 'हे नाव आता त्या वस्तूकडे बोट दाखवतंय' हे सांगण्यासाठी वेगळं. पुढच्या बहुतेक भाषांनी दोन्हींसाठी एकच बरोबरचं चिन्ह वापरलं. टाइप करायला एक अक्षर वाचलं. त्या एका अक्षराची किंमत विद्यार्थ्यांच्या किती पिढ्यांनी मोजली, हे कोणी मोजलेलं नाही.

त्याच वर्षी, १९६७च्या ऑगस्टमध्ये, कोपनहेगनच्या एका उन्हाळी वर्गात ब्रिटनचे क्रिस्टोफर स्ट्रेची यांनी खणाची जागा आणि खणातला ऐवज यांना वेगवेगळी नावं देऊन हा गुंता बराच सोडवला. त्यांची टिपणं हस्ते परहस्ते फिरत राहिली आणि छापून आली ती २००० साली, स्ट्रेची वारल्यानंतर पंचवीस वर्षांनी.

मग सी आली. बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला घडवलेल्या या भाषेत नियम एकच: जे द्याल त्याची नक्कल जाईल. मूळ वस्तू बदलून हवी असेल तर तिचा पत्ता काढा आणि पत्ता द्या. त्या पत्त्याचीसुद्धा नक्कलच जाते, पण पत्त्याच्या नकलेनेही घर तेच सापडतं. या नियमात एकच खाच आहे. अॅरे दिला तर सगळा अॅरे जात नाही, त्याच्या पहिल्या खणाचा पत्ता जातो. सी शिकणारा प्रत्येक जण इथे एकदा तरी ठेचकाळतो.

महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांमध्ये हा विषय पोचला तो बऱ्याच अंशी नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी' या पुस्तकातून. त्यात अदलाबदलीची दोन फंक्शनं शेजारी शेजारी आहेत. एकाला किमती दिल्या तर मूळ राशी तशाच राहतात, दुसऱ्याला पत्ते दिले तर बदलतात. पहिल्याला कॉल बाय व्हॅल्यू म्हटलंय, दुसऱ्याला कॉल बाय रेफरन्स. शिकवण्यासाठी ही जोडी फार सोयीची आहे. काटेकोर बोलायचं तर सीमध्ये कॉल बाय रेफरन्स नाहीच. ब्रायन कर्निघन आणि रिची यांच्या १९७८च्या पुस्तकातही सगळं काही व्हॅल्यूनेच जातं असं स्पष्ट म्हटलंय. पण तोंडी परीक्षेत 'व्हॅल्यू आणि रेफरन्समधला फरक सांगा' हा प्रश्न रुळला, आणि दोन खणांचं कपाट डोक्यात पक्कं बसलं. पुढे जावा किंवा पायथन शिकताना विद्यार्थी नवी वस्तू त्याच दोन खणांत कोंबायला बघतो. ती मावत नाही.

तिसरा खण तोवर तयार झाला होता, तोही एमआयटीतच. बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९६८ साली स्टॅनफर्डला डॉक्टरेट केली होती मॅकार्थींच्याच हाताखाली, म्हणजे लिस्पच्या जनकाच्या. १९७०च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन क्लू ही भाषा उभारली. माहिती आणि तिच्यावर करायच्या क्रिया एका गठ्ठ्यात बांधायच्या, ही तिच्यामागची कल्पना, आणि अशा गठ्ठ्याला त्यांनी म्हटलं क्लस्टर. भाषेचं नावही तिथूनच आलं.

क्लूमध्ये वस्तूंच्या सरळ दोन जाती होत्या. एक बदलता येणारी, दुसरी एकदा घडली की कायमची. ही फोड भाषेच्या हाडातच होती. यादीसारखा अॅरे बदलता यायचा, आणि त्याच्याच शेजारी तसाच दिसणारा पण कधीच न बदलणारा 'सिक्वेन्स' ठेवलेला असायचा. रेकॉर्डच्या शेजारी न बदलणारा 'स्ट्रक्ट'. घरात एक शाईचं पेन आणि एक पेन्सिल ठेवावी तसं. कुठलं कधी वापरायचं ते लिहिणाऱ्याने ठरवायचं, पण मुळात निवड करावी लागते याची आठवण भाषाच करून द्यायची. फंक्शनला वस्तू देण्याची रीत लिस्पसारखीच होती. फरक एवढाच, की आता तिला नाव होतं: कॉल बाय शेअरिंग. हाक मारणारा आणि हाक ऐकणारा दोघंही तीच वस्तू वाटून वापरतात, म्हणून. १९७९च्या मॅन्युअलमध्ये लिस्कोव्ह आणि सहकाऱ्यांनी साफ लिहिलं, की रूढ असलेल्या रीतींपैकी ही कुठलीच नाही, लिस्पशी तिचं साम्य आहे. मराठीत म्हणायचं तर सामाईक देणं.

क्लू स्वतः फार पसरली नाही. तिच्यातल्या कल्पना मात्र पुढच्या अनेक भाषांत शिरल्या आणि लिस्कोव्ह यांना २००८चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. रीतही पसरली, स्मॉलटॉक, जावा, पायथन, रूबी, जावास्क्रिप्ट अशी घरोघर. मागे राहिलं ते नाव.

जावा १९९५ साली जाहीर झाली. तिच्या निर्मात्यांनी ठामपणे सांगितलं, की जावात एकच रीत आहे आणि ती म्हणजे व्हॅल्यूची. शब्दशः हे खरं आहे, कारण नक्कल जाते ती वस्तूकडे नेणाऱ्या वाटेची. पण 'व्हॅल्यू' ऐकल्यावर साध्या माणसाला वाटतं, की आपली वस्तू सुरक्षित आहे. ती नसते. खुद्द जावाच्या घरातच याचा हिसका बसला. १९९७ साली प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांना जावाच्या सुरक्षाव्यवस्थेत एक भोक सापडलं. कोडच्या एखाद्या तुकड्यावर कोणाच्या डिजिटल सह्या आहेत हे सांगणारी एक पद्धत होती. ती सह्यांची यादी परत द्यायची, पण नक्कल काढून नाही, तर यंत्रणा स्वतः वापरत असलेली अस्सल यादीच. बाहेरून आलेल्या अॅपलेटने, म्हणजे छोट्या जावा प्रोग्रामने, यंत्रणेच्या विश्वासातली सही शोधायची, ती स्वतःच्या यादीत घुसडायची, आणि यंत्रणा त्याला घरचा माणूस समजून आत घ्यायची. तलाठ्याने उतारा मागणाऱ्याच्या हाती मूळ दप्तर आणि सोबत पेन द्यावं, तसा प्रकार. उपाय एका ओळीचा निघाला: यादीची नक्कल द्या. अनोळखी हाती वस्तू देताना किंवा घेताना नक्कल करावी, हा जावावाल्यांचा रिवाज नंतर पुस्तकांतून पक्का झाला. जावातली तारखेची जुनी वस्तूही अशीच बदलता येणारी होती, त्यामुळे तिच्याबाबतीतही हा रिवाज पाळावा लागे. तिच्या जोडीला न बदलणाऱ्या तारखा आल्या त्या २०१४ साली, जावा ८ मध्ये.

पायथनचा पेच वेगळ्या ठिकाणी आहे. खीदो फान रोसम यांनी ती अॅमस्टरडॅमला १९८९च्या नाताळात लिहायला घेतली आणि १९९१च्या फेब्रुवारीत बाहेर आणली. समजा बाजाराच्या यादीत जिन्नस टाकणारं एक फंक्शन आहे आणि त्यात लिहिलंय, की कोणी यादी दिली नाही तर रिकामी यादी घ्यावी. पहिल्यांदा 'कांदे' दिले. यादी आली: कांदे. दुसऱ्यांदा, यादी न देता, 'बटाटे' दिले. यादी आली: कांदे, बटाटे. कांदे आले कुठून? ती 'रिकामी' यादी दरवेळी नवी बनत नाही. फंक्शन वाचलं जातं तेव्हा एकदाच बनते आणि पुढच्या सगळ्या हाका तीच वापरतात. ही चूक नाही, नियमच तसा आहे, आणि नोकरीच्या मुलाखतीत तो हमखास विचारतात. दुसरा पेच चिन्हांचा: लिस्टपुढे, म्हणजे यादीपुढे, 'अधिक-बरोबर' लिहिलं तर तीच लिस्ट वाढते, पण तेच लांबवून 'लिस्ट बरोबर लिस्ट अधिक' असं लिहिलं तर नवी लिस्ट तयार होते आणि देणाऱ्याला पत्ताही लागत नाही. बोअर आणि मोटर यांच्यातला फरक एका चिन्हावर येऊन ठेपतो.

काही भाषांनी मधेच बाजू बदलली. जुन्या व्हिज्युअल बेसिकमध्ये न सांगता दिलेली गोष्ट रेफरन्सने जायची, २००२च्या व्हीबी डॉट नेटमध्ये व्हॅल्यूने जाऊ लागली. पीएचपी ४ मध्ये ऑब्जेक्ट दिला की नक्कल निघायची, २००४च्या पीएचपी ५ मध्ये ती बंद होऊन सामाईक रीत आली. जुने प्रोग्राम नव्यावर नेताना लोकांना एकेक ओळ तपासावी लागली.

अलीकडच्या दोन भाषांनी मात्र भांडणाच्या मुळालाच हात घातला. अॅपलची स्विफ्ट २०१४ साली आली. तिच्यात याद्यासुद्धा नकलेने जातात, पण खरी नक्कल कोणी बदल करायला गेला तरच काढली जाते. फोरट्रानच्या काळी जी चैन परवडत नव्हती ती अशी स्वस्तात पदरात पडली. मे २०१५ मध्ये पहिली पक्की आवृत्ती आलेल्या रस्टने विहिरीला पाळी लावून दिली. बघणारे कितीही असोत, बदलणारा एका वेळी एकच, आणि तो बदलत असताना बघणारा कोणी नको. पाळी मोडली तर कंपायलर प्रोग्राम तयारच करत नाही. शिकणाऱ्याला हे सुरुवातीला जाचक वाटतं. तरीही साठ वर्षांच्या या गोंधळावर आजवर निघालेला हाच सर्वांत प्रामाणिक तोडगा आहे, कारण यात वस्तू सामाईक आहे हे कोणी कोणापासून लपवत नाही.

नावाचा वाद मात्र आहे तिथेच आहे. पायथनच्या अधिकृत पाठमालेच्या मुख्य मजकुरात कॉल बाय व्हॅल्यू लिहिलंय. खाली तळटीप आहे, की खरं तर कॉल बाय ऑब्जेक्ट रेफरन्स म्हणणं जास्त बरं. त्याच भाषेच्या प्रश्नोत्तरांच्या पानावर लिहिलंय, की देणं असाइनमेंटने होतं. एका भाषेच्या घरात एका रीतीला तीन नावं आहेत, आणि लिस्कोव्ह यांनी दिलेलं नाव त्या तिन्हींत नाही.